फॉर्मवर आम्ही तयार होतो: कागदावरून कॉम्प्युटरवर जाताना आमच्या हॉस्पिटलचं काय झालं

फॉर्म मीच भरला होता, म्हणून तिथूनच सुरू करते. चार पानी होता, सॉफ्टवेअरवाल्यांनी पाठवलेला, वर मोठ्या अक्षरात 'रेडिनेस असेसमेंट'. कॉम्प्युटर आहेत का, आहेत. इंटरनेट आहे का, आहे. जनरेटर आहे का, आहे. स्टाफला कॉम्प्युटर येतो का, तर मी 'बहुतेकांना येतो' लिहिलं, कारण सगळ्यांच्या हातात मोबाईल असतो आणि दिवसभर त्यावर टाईप चालूच असतं. मॅनेजमेंटची तयारी आहे का, तिथे एमएस सरांनी, म्हणजे मेडिकल सुपरिंटेंडेंटनी, स्वतः सही केली. शंभरातले ८१ मार्क पडले आणि शेवटच्या पानावर हिरव्या अक्षरात आलं 'तयार'.

चार महिन्यांनी ओपीडीत सिस्टीम चालू झाली. अकराव्या दिवशी आम्ही पुन्हा केसपेपर छापायला टाकले.

मी एमआरडीत आहे, मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंट, म्हणजे पेशंट घरी गेला की त्याचा इंडोअर पेपर जिथे येऊन पडतो ते खातं. सतरा वर्षं झाली मला इथे. अडीचशे खाटांचं हॉस्पिटल आहे, ओपीडीला रोज आठशेच्या आसपास पेशंट, आणि रेकॉर्ड रूममध्ये छतापर्यंत रॅक. पेपर सापडला नाही की फोन मलाच येतो, आणि पेपर सापडत नाही तेव्हा काय होतं हे मी बघितलंय, आधीच्या ऑपरेशनची नोट मिळत नाही म्हणून सर्जन थांबलेत आणि पेशंट टेबलावर आहे असा एक फोन मी अजून विसरलेले नाही. त्यामुळे कॉम्प्युटरवर जायचं ही माझी मनापासूनची इच्छा होती आणि आजही आहे. हे सगळं लिहितेय ते त्याच्या विरोधात नाही लिहीत.

तर ते अकरा दिवस. पहिल्या दिवशी सकाळी नऊलाच रजिस्ट्रेशनची रांग गेटच्या बाहेर गेली. का ते नंतर मोजल्यावर कळलं, त्यावर पुढे येतेच. आत डॉक्टरांच्या खोलीत वेगळीच अडचण, सिस्टीममध्ये 'मुख्य तक्रार' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही, आणि बाहेर शंभर पेशंट थांबलेले, मग डॉक्टरांनी काय केलं तर त्या रकान्यात एक टिंब दिलं आणि पुढे गेले. मी आठवड्याच्या शेवटी नोंदी काढून बघितल्या तेव्हा पानामागून पान टिंबच टिंब. तक्रार: टिंब. तपासणी: टिंब. निदान: 'सेम'. कशाशी सेम ते कुठेच नाही, कारण मागची नोंद कागदावर होती आणि कागद रॅकमध्ये. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण रॅकमधल्या घाणेरड्या अक्षरातल्या पेपरातसुद्धा याच्यापेक्षा जास्त काहीतरी लिहिलेलं असतं.

अकराव्या दिवशी दुपारी लाईट गेली. जनरेटर चालू झाला, कॉम्प्युटर परत चालू झाले, सर्व्हर तर यूपीएसवर होता तो बंदच पडला नव्हता, आणि तरी एकाही काउंटरवर काही उघडेना. पाऊण तास गेला शोधण्यात. शेवटी कळलं की तळमजल्याच्या पॅसेजमध्ये फॉल्स सीलिंगच्या वर नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर सर्व्हरला जोडणारा डबा, बसवलाय, त्याला यूपीएस नाही, तो झटक्याने बंद पडला आणि परत उठलाच नाही. सर्व्हर जिवंत, कॉम्प्युटर जिवंत, मधला तो डबा मेलेला. फॉर्ममध्ये 'यूपीएस आहे का' असा प्रश्न होता आणि मी 'आहे' लिहिलं होतं, ते खोटंही नव्हतं. तेवढ्या वेळात कॅज्युअल्टीत छातीत दुखणारा पेशंट आला, त्याची नोंद एका सिस्टरने जुन्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर केली. तो पेशंट वाचला, पण संध्याकाळी तो पाठकोरा कागद बघून सर म्हणाले, "थांबवा हे."

नंतरचे दोन-तीन महिने मी रात्री बसून वाचत होते की आपल्यासारख्या ठिकाणी इतरांनी हे कसं केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये खास विकसनशील देशांसाठी इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डवर एक मार्गदर्शक पुस्तिका काढलीये, ती वाचली. ई-हेल्थसाठी हॉस्पिटलची तयारी मोजायच्या प्रश्नावल्या २००७ मध्ये पाकिस्तानात तयार झाल्या होत्या, त्यांचे दोन वेगळे नमुने आहेत, एक मॅनेजरसाठी आणि एक उपचार करणाऱ्यांसाठी. ते दोन नमुने आहेत हे बघूनच मला माझी चूक समजली. माझ्या फॉर्मला एकच तोंड होतं, ऑफिसचं. वॉर्डातल्या एकाही माणसाला मी काही विचारलं नव्हतं.

आणि मग केनियातलं मोसोरिओट. तिथल्या एका खेड्यातल्या हेल्थ सेंटरमध्ये २००१ साली दोन कॉम्प्युटरवर पेशंटचं रेकॉर्ड चालू केलं होतं, यूपीएस आणि सोलर बॅटरी लावून. तिथल्या अनुभवातूनच पुढे ओपनएमआरएस हे पेशंट रेकॉर्डचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं जे आज कितीतरी देशांत चालतं. तिथे डॉक्टर, नर्स कागदाच्या ठरलेल्या फॉर्मवर लिहायचे आणि क्लार्क तो फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरायचा, बस. त्यांनी आधी आणि नंतर वेळ मोजली, पेशंटची एकूण भेट २२ टक्के कमी वेळात उरकायला लागली. पण त्याच आकड्यांमध्ये हेही आहे की पेशंट उपचार करणाऱ्या माणसासमोर जेवढा वेळ बसायचा तो ५८ टक्क्यांनी कमी झाला. मी तो आकडा परत परत वाचला. रांग कमी झाली हे चांगलंच, पण डॉक्टरसमोरचा वेळ एवढा कमी होणं हे चांगलं की वाईट? बिनकामाचं लिहिणं गेलं असेल तर चांगलं, बोलणं गेलं असेल तर नाही. आपण हे आधी मोजलंच नाही तर नंतर काय गेलं ते कळणारही नाही, एवढं मात्र मी तिथून उचललं.

मग मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, परत करूया, पण मला आधी सहा महिने द्या, सॉफ्टवेअर कुठलं ते नंतर बघू, मला आधी आपलं काम कसं चालतं ते बसून मोजायचंय. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "कोणाला घेशील बरोबर?" मी तीन नावं सांगितली, मेट्रन, रजिस्ट्रेशनचा सगळ्यात जुना क्लार्क आणि आमचा इलेक्ट्रिशियन. इलेक्ट्रिशियनचं नाव ऐकून सरांनी वर बघितलं, पण हो म्हणाले.

सुरुवात माझ्याच खात्यातून केली. बंद झालेल्या फायलींमधून तीनशे काढल्या, दर रॅकमधून थोड्या थोड्या, आणि टेबलावर मांडून वाचायला बसले. एमआरडीत एवढी वर्षं काढली तरी सलग असं मी कधी वाचलं नव्हतं. आपण फाईल शोधतो, देतो, परत लावतो, कोडिंग करतो, वाचत नाही. सगळ्यात जास्त घाबरवलं ते शॉर्टफॉर्मनी. आमच्याकडे गायनॅकमध्ये 'पीआयडी' लिहिलं तर तो ओटीपोटातला इन्फेक्शनचा आजार, आणि ऑर्थोमध्ये 'पीआयडी' म्हणजे मणक्यातली गादी सरकलेली. कागदावर काही बिघडत नाही कारण कागद त्या त्या वॉर्डातूनच येतो, मी वॉर्ड बघून आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड टाकते, पहिल्याला एन७३ आणि दुसऱ्याला एम५१. पण कॉम्प्युटरमध्ये एकाच बाईच्या नावावर नुसतं 'पीआयडी' राहिलं आणि ती दोन वर्षांनी मेडिसिनला आली तर तिथल्या डॉक्टरने काय समजायचं? असे शॉर्टफॉर्म आम्ही एका वहीत उतरवत गेलो, दीडशेच्या वर भरले, आणि त्यातले तीसेक असे की दोन खात्यांत दोन अर्थ. मग सगळ्या एचओडींना, म्हणजे खातेप्रमुखांना, एकत्र बसवून यादी ठरवली. चार मीटिंगा झाल्या, त्यातली एक तर फक्त 'यू' वर. इन्सुलिनचं युनिट लिहिताना घाईत 'यू' काढला की तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी सगळे 'यू'च लिहीत होते. त्या दिवसापासून 'युनिट' पूर्ण लिहायचं ठरलं, कागदावरच, सॉफ्टवेअर यायच्या कितीतरी आधी. मला वाटतं आमच्या तयारीतला पहिला खरा बदल हाच.

आता रजिस्ट्रेशनची खिडकी. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळं तिथेच जुळतं नाहीतर तिथेच तुटतं, आणि त्या खिडकीत बसलेल्या माणसाला कुठल्याच मीटिंगला कोणी बोलवत नाही.

मी सलग सहा दिवस त्या क्लार्कच्या शेजारी स्टूल टाकून बसले, हातात स्टॉपवॉच. कागदावर नवीन केसपेपर काढायला त्यांना पस्तीस-चाळीस सेकंद लागायचे, नाव, वय, पत्ता, खातं, शिक्का, झालं. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकोणीस रकाने सक्तीचे होते. मी त्यांच्याकडून तेच एकोणीस परत भरून घेतले घड्याळ लावून, तर जवळजवळ तीन मिनिटं. दोन खिडक्या, चार तासांत आठशे माणसं, हिशोब करा, रांग गेटबाहेर जाणारच होती. मी विचारलं, दादा, तेव्हा बोलला का नाहीत? ते म्हणाले, "ताई, मला फक्त टायपिंग येतं का एवढंच विचारलं होतं. येतं म्हटलं."

आम्ही एकेक रकाना घेऊन विचारत गेलो की हे याच खिडकीवर, याच क्षणाला कशाला हवंय. शिक्षण, व्यवसाय, धर्म, ईमेल, रक्तगट. रक्तगट तर पेशंटने सांगितलेला कोणी वापरतच नाही, लॅबमध्ये तपासूनच घेतात. शेवटी सक्तीचे सहाच राहिले.

मग वयाचा प्रश्न. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी पेशंटना जन्मतारीख माहीत नसते, विशेषतः म्हाताऱ्या बायकांना, 'असेल साठ-पासष्ट' एवढंच सांगतात. सिस्टीमला तारीख हवीच असायची म्हणून क्लार्क साठ वर्षं मागे जाऊन १ जानेवारी टाकायचे. त्या अकरा दिवसांतला डेटा बघितला तर निम्मं गाव १ जानेवारीला जन्मलेलं. मग नाव आणि जन्मतारखेवरून जुना पेशंट शोधायला गेलं की एकाच नावाच्या, एकाच तारखेच्या आठ बायका समोर येतात आणि रांग थांबलेली असते, क्लार्क वैतागून नवीनच नंबर देतो. आता आमच्याकडे 'वय अंदाजे' असा वेगळा टिकमार्क आहे, त्यामुळे निदान खोटी तारीख खरी म्हणून बसत नाही.

एक केस सांगते. फायली तपासताना एक बाई सापडल्या ज्यांचे आमच्याकडे पाच नंबर होते. एकदा माहेरच्या आडनावाने, एकदा सासरच्या, एकदा नावातला एक काना गेलेला, एकदा मुलाने नाव सांगितलं तेव्हा घरात हाक मारतात ते नाव, आणि एकदा इमर्जन्सीत 'अनोळखी' म्हणून. पाच पेपर पाच रॅकमध्ये. त्यातल्या फक्त एका पेपरवर, तिसऱ्या पानावर, लाल पेनाने लिहिलेलं होतं की पेनिसिलीन दिल्यावर रिअ‍ॅक्शन आली होती. उरलेल्या चार पेपरांवर ते नव्हतं. मी ते पाचही पेपर मेट्रनच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

कॉम्प्युटर आला म्हणून या बाई आपोआप एक होणार नव्हत्या. पाच नंबर तसेच पाच वेळा चढले असते. म्हणून सिस्टीम यायच्या आधीच आम्ही नंबरची पद्धत बदलली. आता पेशंट नंबरचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशोबाने निघतो, त्याला चेक डिजिट म्हणतात, टाईप करताना कुठलाही एक आकडा चुकला तर हिशोब जुळत नाही आणि कॉम्प्युटर तिथेच अडवतो, दुसऱ्याचीच फाईल उघडत नाही. ओपनएमआरएसवाले हे पहिल्यापासून वापरतात. आणि दुसरी गोष्ट क्लार्कदादांनीच सुचवली, की नाव विचारायच्या आधी "मागचा कागद आणलाय का?" हे विचारायचं. बाकी काही नाही, फक्त प्रश्नांचा क्रम बदलला. लोक मागचा कागद पिशवीत आणतात हो, आम्हीच मागत नव्हतो. पहिल्याच महिन्यात डबल नंबर निघणं डोळ्याला दिसेल इतकं कमी झालं.

यानंतर रात्री. मेट्रन मला म्हणाल्या होत्या, "ताई, तुम्ही दिवसा येऊन काय बघणार, दिवसा सगळे असतात." म्हणून मी सात रात्री वॉर्डात काढल्या. फिमेल मेडिकलमध्ये एका रात्री बेचाळीस पेशंट, दोन सिस्टर आणि एक मावशी. कॉम्प्युटर कुठे ठेवलेला होता तर वॉर्डाच्या एका टोकाला, नर्सिंग स्टेशनवर. एकतीस नंबरच्या बेडवर इंजेक्शन दिलं की नोंद करायला तिथपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं? कोणी जाणार नाही आणि जाऊही नये. सिस्टरने काय केलं ते मी स्वतः बघितलं, डाव्या हातातल्या ग्लोव्हच्या पाठीवर पेनाने बीपीचे आकडे लिहिले, बेड नंबर आणि आकडा, बेड नंबर आणि आकडा, असे नऊ पेशंट, आणि ग्लोव्ह काढायच्या आधी ते एका मोठ्या कागदावर उतरवले. पहाटे पाचला त्या कागदावरून सगळ्यांच्या टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायच्या तक्त्यावर. त्या सिस्टर हुशार आहेत, आकड्यात त्यांचा हात चुकत नाही. पण विचार करा, त्या पाचला कॉम्प्युटरमध्ये भरायला बसल्या तर सिस्टीम वेळ कुठली टाकणार? पाचची. दोनला दिलेलं इंजेक्शन पाचला दिलेलं दिसणार, आणि सकाळी राऊंडला आलेले डॉक्टर पुढचा डोस त्यावरून ठरवणार. कागदावर निदान त्यांनी स्वतःच्या हाताने 'रात्री २' लिहिलेलं असतं.

तेव्हाच ठरलं की टॅबलेट लागतील आणि ते औषधांच्या ट्रॉलीवर बसवावे लागतील, बेडपर्यंत जाणारे. आणि मग आमच्या इलेक्ट्रिशियन मामांनी जे दाखवलं ते कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं. त्यांनी सगळ्या वॉर्डातले सॉकेट मोजले. सहा बेडमागे एक चालू सॉकेट, आणि त्यावर आधीच नेब्युलायझर, सक्शन, सिरिंज पंप. टॅबलेट चार्ज करायला सिस्टरने कशाचा प्लग काढायचा? मामा म्हणाले, "मॅडम, रात्री चार्जिंग संपलं तर त्या पंपाचाच काढतील, घाईत दुसरं काय करणार." मी ते वाक्य तसंच्या तसं रिपोर्टमध्ये लिहिलं. ट्रॉलीसाठी वेगळे, वेगळ्या रंगाचे सॉकेट ओढायला दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांत आम्ही एकही टॅबलेट घेतला नाही.

पासवर्डचं पण रात्रीच कळलं. नवीन सिस्टर जॉईन झाली की तिचं लॉगिन ऑफिसमधून यायला आठ-नऊ दिवस लागायचे. तोपर्यंत ती दुसरीच्या नावाने काम करणार, मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरून. कोणी लबाड म्हणून नाही, काम थांबवता येत नाही म्हणून. उद्या औषधात काही चूक झाली तर नाव कोणाचं निघेल? जी त्या रात्री ड्युटीवरच नव्हती तिचं. आता जॉईनिंगच्या दिवशी मेट्रनच्या टेबलावरच लॉगिन मिळतं, आणि सोडून गेली तर त्याच दिवशी बंद.

पण मेट्रननी जे मागितलं ते सगळ्यात मोठं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या पोरींना आणखी एक काम देऊ नका. द्यायचंच असेल तर आधी एक काढून घ्या." आम्ही मोजलं, रात्रीच्या सिस्टर एकाच रात्रीचा पेशंटचा हिशोब तीन वेगवेगळ्या रजिस्टरमध्ये लिहीत होत्या, सेन्सस, ॲडमिशन-डिस्चार्ज आणि हँडओव्हर बुक, शिवाय ऑफिसला चिठ्ठी वेगळी. तीच बेचाळीस नावं. सिस्टीम चालू व्हायच्या दिवशी यातली दोन रजिस्टरं आणि ती चिठ्ठी बंद करायचं सरांनी लेखी दिलं. लेखी, कारण तोंडी सांगितलेलं रजिस्टर कोणी बंद करत नाही, ऑडिटला मागतील या भीतीने चालूच ठेवतात. ते पत्र वॉर्डात लागलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता सिस्टर आपल्या बाजूने येतील, आणि आल्या.

डॉक्टरांचं थोडक्यात सांगते. आमचे सर्जरीचे ज्येष्ठ सर विरोधात आहेत असं सगळे म्हणत होते. मी जाऊन विचारलं तर ते म्हणाले, "मला पेशंटच्या पोटाकडे बघायचंय, स्क्रीनकडे नाही. यावर काहीतरी उत्तर आण." मोसोरिओटचंच उत्तर आणलं, ओपीडीत एक पानाचा ठरलेला फॉर्म, डॉक्टर हाताने लिहितील, शेजारच्या टेबलावर बसलेला ऑपरेटर त्यातलं निदान, औषधं आणि पुढची तारीख तेवढं भरेल. बाकीचा कागद स्कॅन. काही तरुण डॉक्टर स्वतः टाईप करतात, त्यांना मोकळीक आहे. अर्धं कागद अर्धं कॉम्प्युटर हे काहींना कमीपणाचं वाटतं, मला नाही वाटत. त्या रकान्यात टिंबाच्या जागी आता खरी तक्रार असते ना.

सॉफ्टवेअर आम्ही यानंतर शोधलं. मलावीत बाओबाब हेल्थवाल्यांनी कीबोर्डची सवय नसलेल्या स्टाफसाठी टचस्क्रीनवर मोठी बटणं दिली आणि कमी विजेवर चालणारी यंत्रं बॅटरीवर लावली, ते वाचून आमच्या ट्रॉलीच्या स्क्रीनचा विचार पक्का झाला. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलसाठी बनलेली बाह्मनी ही सिस्टीम बघितली, ती ओपनएमआरएसवरच उभी आहे, सोर्स कोड सगळ्यांना खुला. खुलं सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते सांभाळायला माणूस लागतोच, त्यामुळे आधी माणूस घेतला. आणि करारात एक कलम मी हट्टाने घालून घेतलं, की उद्या आमचं-तुमचं जमलं नाही तर आमचा सगळा डेटा दुसऱ्या सिस्टीमला वाचता येईल अशा स्वरूपात परत द्यायचा. मागच्या वेळी त्या अकरा दिवसांचा डेटा आम्हाला पीडीएफच्या गठ्ठ्यात मिळाला होता. त्याचं आजपर्यंत काही करता आलेलं नाही.

बॅकअपचंही सांगितलं पाहिजे. रोज रात्री बॅकअप होतो असा हिरवा दिवा दिसायचा. मी म्हटलं, तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा. उघडला, पेशंटची नावं आली, भेटी आल्या, लॅबचे स्कॅन रिपोर्ट एकही नाही. ते फोल्डर बॅकअपमध्ये धरलंच नव्हतं. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप उघडून बघायचा, आणि बघितल्यावर मी सही करते.

वॉर्ड एकेक करून घेतले, फिमेल मेडिकल पहिला. कागद आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे लिहायचं ते फक्त तीन आठवडे, त्याची तारीख आधीच भिंतीवर लावलेली, कारण दोन्ही लिहून माणूस दमतो आणि दमला की दोन्ही अर्धवट सोडतो. प्रत्येक वॉर्डात एक लाल फोल्डर ठेवलाय, सिस्टीम बंद पडली तर त्यातले छापील फॉर्म काढायचे, त्यावर वेळेचा रकाना मोठा, आणि नंतर ते कॉम्प्युटरमध्ये कोण भरणार त्या माणसाचं पद फोल्डरच्या आतल्या बाजूला लिहिलेलं. सिस्टर नाही, सकाळचा डेटा ऑपरेटर.

चौथ्या आठवड्यात रात्री पावणेतीनला सर्व्हर बंद पडला. मला फोन आला तो सकाळी सातला. मी घाबरून विचारलं, मग काय केलं? सिस्टर म्हणाल्या, "लाल फोल्डर काढला." मी पोचले तेव्हा ऑपरेटर भरायला बसला होता, एकेचाळीस फॉर्म, प्रत्येकावर वेळ लिहिलेली, तीन पाच, तीन बारा, तीन चाळीस. एका फॉर्मवर कोपऱ्यात पेनिसिलीन लाल पेनाने लिहून खाली दोनदा रेघ मारलेली होती. मी नंबर बघितला. त्या पाच नंबरवाल्या बाई होत्या, आता एकाच नंबरच्या. सिस्टीम बंद असताना सिस्टरला कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, संध्याकाळी ॲडमिट करतानाच स्क्रीनवर लाल पट्टी आली होती, तेव्हाच हँडओव्हरमध्ये सांगून ठेवलं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी एकेचाळिसावा फॉर्म भरून झाला, राऊंड साडेआठला. लेबर रूम अजून कागदावरच आहे, तिथले सॉकेट व्हायचेत, सोमवारी मामा वायर ओढायला घेणार आहेत.